पत्नी माहेराहून बाळाला घेऊन परतेल तेव्हा

तुमचे बाळ वीस दिवसांचे आहे, पत्नी अजून माहेरी आहे आणि फोनवरही तुम्हा दोघांचे खटके उडू लागले आहेत, हे तुमच्या पत्रात वाचून काळजी वाटली. ती परतल्यावर नाते कसे सांभाळावे, हा तुमचा प्रश्न आहे. पण ही वेळ बहुतेक घरांत येते आणि निभावूनही जाते.

पहिली चूक म्हणजे ‘मी मदत करतो’ ही भाषा. नवजात बाळ चोवीस तासांत 8 ते 12 वेळा दूध पिते, त्यामुळे आईला सलग तीन तासही झोप मिळत नाही. म्हणून पाजणे वगळता ढेकर काढणे, लंगोट बदलणे, दुपटी धुणे ही कामे तुमचीच समजा. आमच्या थोरलीच्या वेळी रात्री दोनचा ढेकर मी माझ्याकडे घेतला होता. मी तिला खांद्यावर घेऊन पाठ थोपटू लागलो की पत्नी भिंतीकडे तोंड करून तत्क्षणी झोपी जाई, आणि सकाळी आमचे बोलणे पुन्हा मायेचे होई.

शेक-शेगडी, टाळू भरणे, काजळ यांवरून मतभेद झाले, तर आपल्या आईशी तुम्ही स्वतः बोला. ते ओझे पत्नीवर टाकून गप्प बसणे ही दुसरी, आणि माझ्या मते अधिक खोल जखम करणारी चूक आहे.

शरीरसंबंधांची घाई नको. डॉक्टरांची तपासणी आणि तिची इच्छा, दोन्ही हवे.

तिचे रडू, उदासी दोन आठवड्यांनंतरही ओसरत नसेल, तर तिला समजावत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.