ऑर्केस्ट्रेशन आणलं की काम कमी होतं का?

प्रश्न: मी टेलिकॉम ऑपरेशन्समध्ये आहे. एक कनेक्शन द्यायला चार टीम चार सिस्टीममध्ये हाताने एंट्री करतात. आता ऑर्केस्ट्रेशन (सगळ्या सिस्टीममधली कामं एका सॉफ्टवेअरने क्रमाने आपोआप करून घेणं) आणि मायक्रोसर्व्हिसेस (एका मोठ्या सिस्टीमऐवजी छोट्या, स्वतंत्र सर्व्हिसेस) येणार म्हणे. खरंच फरक पडतो का?

उत्तर: पडतो, पण आधी इन्व्हेंटरी (कुठला पोर्ट, म्हणजे जोडणीची जागा, वापरात आहे आणि कुठला मोकळा याची नोंद) साफ करा, नाहीतर आज हाताने चुकीचा पोर्ट दिला जातो तो उद्या आपोआप दिला जाईल, तोही झटक्यात! ऑर्केस्ट्रेटर ऑर्डरचे तुकडे करून ज्या त्या सिस्टीमला देतो आणि मधेच काही फसलं तर आधीच्या स्टेप्स मागे घेतो, म्हणजे तसं लिहिलं असेल तरच, व्हेंडरला हेच खोदून विचारा. मायक्रोसर्व्हिसेस फॅड नाही, मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने रिलीज १५ मध्ये ५जी कोअरच (नेटवर्कचा मध्यवर्ती भाग) एचटीटीपी/२ या वेबच्या प्रोटोकॉलवर बोलणाऱ्या सर्व्हिसेसचा केलाय. जुनी सिस्टीम मात्र एकदम फोडू नका, एकच ऑर्डर टाइप (उदा. फक्त नवं कनेक्शन) आधी नव्या सिस्टीमवर हलवा.