न सांगता उचलू नकोस

अरे, काल थेरपीच्या जिन्यात तू विचारलंस, "काका, पोराचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढलं की कायमचा शिक्का बसतो ना?" आणि मी नुसतं "बोलू निवांत" म्हणून कटवलं. खरं सांगू, माझं तुझ्या प्रश्नाकडे लक्षच नव्हतं. त्याआधी दोन मिनिटं तू पोराला बाकावरून उचललंस ना, ते डोक्यात बसलं होतं. कानाला फोन, मागून येऊन काखेत हात घातलास आणि एकदम वर. पोरगं लाकडासारखं ताठ, पायांची कात्री झालेली, आणि तू वर त्यालाच म्हणतोस, "सारखा काय कडक होतोस रे!"

तो मुद्दाम कडक होत नाही. दचकतो. सेरेब्रल पाल्सीत स्नायूंना सैल सोडण्याचा मेंदूचा निरोप मुळात नीट पोचत नाही, त्यात दचकलं की सगळं अजून आवळतं. म्हणून आधी समोर ये, त्याला तुझं तोंड दिसू दे, सांग की आता उचलतोय, आणि मग उचल. तीन वर्षांचा आहे, बोलत नाही, तरी सांग.

सर्टिफिकेटचं आधी संपवतो. काढ. शिक्का वगैरे काही नसतं, सासूबाईंना काय वाटतं ते बाजूला ठेव. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत त्यात आपलं आहे, ४० टक्के किंवा त्याच्या वर असलं की सहा ते अठरा वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क, शिवाय केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय नावाचा विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. युडीआयडीचा, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राचा, फॉर्म ऑनलाइन भर, झेरॉक्सचा एक गठ्ठा कायम गाडीच्या डिकीत ठेव. झालं. यावर रात्री जागायची गरज नाही.

जागायचंच असेल तर दुसऱ्या गोष्टीवर जाग.

२००८ला गोदावरीला मोठा पूर आला होता, तू तेव्हा शाळेत असशील. आमचे चिरंजीव सहा वर्षांचे, त्यालाही सेरेब्रल पाल्सीच. आपल्याकडे नाशकात पूर म्हणजे काय ते तुला माहितीये, पाणी किती ते कोणी फुटात विचारत नाही, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं ते विचारतात, कंबर की छाती. हा दिवसभर घरात तेच विचारत होता. मी फर्स्ट शिफ्ट करून अंबडहून आलो आणि तसाच त्याला घेऊन पंचवटीत गेलो. गर्दी ही, काही दिसेना, मग मी मागचापुढचा विचार न करता त्याला खसकन उचलून खांद्यावर घेतलं. झालं, पोरगं कमान, मान मागे, ओरडायला लागलं, लोक वळून वळून बघतायत. मी तिथेच ओरडलो त्याच्यावर, एवढं दाखवायला आणलं आणि तुझी नाटकं. मारुती बघायचा राहिलाच. रात्री काकूजवळ एकेक शब्द ओढत म्हणाला, "बाबांनी सांगितलं नाही." तीन शब्दांना मिनिटभर लागलं असेल.

तेव्हापासून आमच्या घरात मोजून उचलतात. एक, दोन, तीन. पुढे त्यानेच मध्ये अडीच घातलं. अजून, तेवीस वर्षांचा घोडा झालाय तरी, अडीच म्हटल्याशिवाय अंग सैल सोडत नाही, आणि मी मुद्दाम विसरलो की हसत सुटतो आणि मग हसण्यानेच परत कडक होतो, की पुन्हा एकपासून. सकाळी सात वाजता पायाला आधाराचं स्प्लिंट चढवताना, मोज्याची चुणी राहिली का टाचेशी बोट फिरवून बघताना (बघत जा, चुणी राहिली की संध्याकाळी तिथे लाल झालेलं असतं), हा तमाशा रोज चालतो. काकू म्हणते, दोघंही एकाच वयाचे.

पण मी काही शहाणा नाही. उचलताना सांगायला शिकलो, बाकीचं न विचारताच करत गेलो. व्हीलचेअर घ्यायला तेरावं वर्ष उजाडलं. मला वाटायचं खुर्ची आणली म्हणजे आपण हरलो, याला चालवायचंच. त्याला एकदाही विचारलं नाही. खुर्ची आली त्या दिवशी तो अख्खा पॅसेज स्वतः, एकटा, भिंतीला धडकत धडकत पार करून शेजारच्यांच्या दारात गेला, आणि मी उभा राहून मनात वर्षं मोजत होतो. आता तू म्हणशील काका डॉक्टर काय म्हणाले होते, तर तेच म्हणाले होते की प्रयत्न सोडू नका, आणि उभं राहिल्याने हाडांना आणि सांध्यांना फायदा होतो हे खरंच आहे, आणि तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावर बिनलिफ्टचे राहायचो, खुर्ची ठेवणार कुठे. हे सगळं खरं आहे. तरी विचारायला काय लागत होतं?

म्हणून सांगतो, न सांगता उचलू नकोस. खांद्यावर घेऊ नकोस, शाळेतून काढू नकोस, चार पाहुण्यांपुढे त्याचे पाय उघडून दाखवू नकोस. हे सगळं उचलणंच आहे. मिसळ खायला गेलो की वेटर अजून मला विचारतो, "यांना काय देऊ?" मी मोबाइलमध्ये बघत बसतो. वेटर उभा, मी गप्प, आणि आमचे साहेब सावकाश, पूर्ण वाक्यात, "तर्री जास्त, पापड दोन." एका बँकेत तर खातं उघडताना पालकत्वाचा कागद आणा म्हणाले. पालकत्व कलेक्टरांच्या समितीकडून मिळतं, ज्याला गरज आहे त्याने जरूर घ्यावं, पण याला सगळं कळतं, सही येत नाही एवढंच. तीन चकरा मारल्या. शेवटी अंगठ्यावर उघडलं.

काकूचं म्हणणं आता माझी कंबर गेलीये, उचलायला माणूस ठेवा. मी अजून नाही म्हणतोय. यात त्याला विचारलंय का, तर नाही विचारलं, आणि यावर तू मला काही बोलू नकोस.

रविवारी ये. त्याची जुनी स्टँडिंग फ्रेम, आधाराने उभं राहायची चौकट, माळ्यावर पडलीये, सागवानी आहे, तुझ्या पोराच्या मापाची होईल. पट्टे कुजलेत, ते बॅगा शिवणाऱ्याकडून नवे लावून घे, आणि छातीच्या पट्ट्याखाली जाड फोम टाकायला सांग, आम्ही टाकला नव्हता.