माळ्यावरचा लष्करी पट

प्रश्न : देवगडच्या आमच्या जुन्या घराचा माळा आवरताना आजोबांचा एक खोका सापडला. त्यात घरे आखलेला पट आणि पत्र्याच्या बैठकीत उभ्या राहणाऱ्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या आहेत. सोंगट्यांच्या एका बाजूला इंग्रज व फ्रेंच सैनिकांची चित्रे असून खोक्यावर ‘लाताक’ असे नाव आहे. हा बुद्धिबळाचाच प्रकार आहे काय, आणि नियमांचा कागद हरवला असताना तो कसा खेळावा?
– एक वाचक, देवगड

उत्तर : पट पाहून बुद्धिबळ आठवते खरे, पण बुद्धिबळात सारे सैन्य दोघांच्या डोळ्यांपुढे असते, तर येथे प्रतिपक्षाच्या सोंगट्यांची केवळ पाठ दिसते आणि चालून येणारा कर्नल आहे की साधा टेहळ्या, हे भिडल्यावाचून कळत नाही. एर्मांस एदां या फ्रेंच बाईंनी १९०८ मध्ये या खेळाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पुढे इंग्लंडात गिब्सन कंपनीने तो काढला, शिवाय ‘डोव्हर पॅट्रोल’ नावाचा आरमारी खेळही विकला. १९६१ पासून अमेरिकेत खपलेला ‘स्ट्रॅटेगो’ याच घराण्यातला. त्याचे नाव घरोघरी पोहोचले, एदांबाईंचे मात्र क्वचितच कोणी घेते.

पट ९ × १० घरांचा असून प्रत्येकाकडे ३६ सोंगट्या असतात, त्या आधी मोजून घ्याव्यात. एका वेळी एकच घर, सरळ किंवा आडवे, तिरके कधीच नाही, अशी चाल असते. निशाण आणि सुरुंग मात्र जागचे हलत नाहीत. दोन सोंगट्या भिडल्या की हुद्दे उघड करायचे; कमी हुद्द्याची बाद होते, समान असल्यास दोन्ही. सुरुंग केवळ सफरमैनाच काढू शकतो, आणि सरसेनापतीला गारद करण्याची ताकद एरवी दुबळ्या असलेल्या हेरात असते. प्रतिपक्षाचे निशाण पकडणारा जिंकतो.

खरी लढत पहिल्या चालीपूर्वीच, मांडणीत सुरू होते. निशाण मागच्या कोपऱ्यात ठेवून भोवती सुरुंग पेरण्याची चाल इतकी सर्वपरिचित आहे की जाणता खेळाडू सफरमैना थेट तिकडेच धाडतो. म्हणून आमच्या मते दोन सुरुंग रिकाम्या कोपऱ्यात ‘वाया’ घालवणे हाच शहाणपणा. शिवाय एकदा उघड झालेली सोंगटी लक्षात ठेवावी लागते, आणि तेथे बुद्धिबळात मुरलेले खेळाडूही फसतात.

काही सोंगट्या हरवल्या असल्यास दुसऱ्या पक्षाच्याही तेवढ्याच, त्याच हुद्द्याच्या काढून खेळावे. पावसाळ्यात तुमच्याकडे पुठ्ठ्याला बुरशी आणि खाऱ्या हवेने पत्र्याला गंज चढतो, तेव्हा बैठका वेगळ्या काढून कोरड्या डब्यात ठेवाव्यात.