लिक्विड क्रोमॅटोग्राफीला ‘द्रव वर्णलेखन’ म्हणावं का?

फोंड्याच्या एका एमएस्सी करणाऱ्या मुलीने विचारलंय की मॉडिफाइड पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी, तिच्यात मुद्दाम बदल केलेला) शुद्ध करण्यावरच्या प्रोजेक्टचा सारांश मराठीत लिहायचाय, तर लिक्विड क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे मिश्रण द्रवाबरोबर भुकटी भरलेल्या नळीतून सोडून त्यातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीला, ‘द्रव वर्णलेखन’ लिहिलं तर चालेल का.

मी म्हणेन नको. शब्द चुकीचा नाहीये, क्रोमा म्हणजे रंग आणि ग्राफी म्हणजे लिहिणं, आणि मिखाइल त्स्वेतने १९०६ साली हे नाव छापलं तेव्हा तो पानांतली हिरवी-पिवळी रंगद्रव्यंच नळीतल्या भुकटीतून सोडून वेगळी करत होता, नळीत रंगाचे पट्टे डोळ्यांना दिसायचे. पण तुझ्या पेप्टाइडला रंगच नाही, ते डिटेक्टरला २१४ किंवा २२० नॅनोमीटरच्या यूव्हीत (अतिनील प्रकाशात) दिसतं. आणि मराठीत वर्ण म्हटलं की आधी वर्णमाला आठवते, वर्णलेखन वाचून मला तरी पाटीवर अ आ इ गिरवणारं पोर दिसतं. तेव्हा क्रोमॅटोग्राफीच लिही.

मराठी खरी हवी ती क्रियापदांत. मी गोव्यात वेर्ण्याला काही वर्षं क्रोमॅटोग्राफीच्याच मशीनवर होतो, तिथली कोकणी बोलणारी पोरं स्क्रीनकडे बघत ‘अजून सुटूंक ना’ (अजून सुटलं नाही) म्हणायची. इल्यूट होण्याला, म्हणजे पदार्थ द्रवाबरोबर नळीतून बाहेर पडण्याला, याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही! पेप्टाइडला पामिटिक आम्लाची शेपटी जोडली की ते सी-१८ कॉलमला (तेलकट पदार्थ धरून ठेवणाऱ्या भुकटीच्या नळीला) घट्ट चिकटतं, अ‍ॅसिटोनायट्राइल हे वाहत्या द्रवातलं द्रावक बरंच वाढवल्याशिवाय सुटत नाही, शेपटी न लागलेलं त्याच्या खूप आधी सुटून गेलेलं असतं, त्यामुळे ती दोन वेगळी करणं सोपं. त्रास देतं ते मेथिओनिन या अमिनो आम्लाचं ऑक्सिडेशन झालेलं पेप्टाइड, ते जरासंच आधी, मुख्य पीकला (स्क्रीनवरच्या आलेखातल्या उंचवट्याला) खेटून येतं, मग तिथले फ्रॅक्शन (नळीतून येणाऱ्या द्रवाचे वेगवेगळे गोळा केलेले भाग) एकेक करून मास स्पेकवर (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) तपासायचे आणि चांगले तेवढे एकत्र करायचे. आई सुपात उकडे तांदूळ घेऊन खडे काढते त्याला आपण निवडणं म्हणतो ना, हेही तेच, म्हणून ‘फ्रॅक्शन निवडले’ असं बिनधास्त लिही. शुद्धीकरण हा शब्द सगळ्या प्रक्रियेसाठी ठेव.

फक्त ‘पीक’ तेवढं लिहू नकोस, बोलताना ठीक आहे पण कागदावर ते भाताचं पीक वाटतं, तिथे शिखर लिही.

म्हणजे तुझं वाक्य साधारण असं होईल: ‘शेपटी जोडलेलं पेप्टाइड कॉलमवरून उशिरा सुटलं, त्याच्या शिखराचे फ्रॅक्शन तपासून निवडले आणि गोठवून सुकवले.’