पॅन्टोप्राझोलची गोळी फोडून का घ्यायची नाही? फार्मसीच्या पोरापोरींचे प्रश्न

बी.फार्म.बद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर बरेच आले. बहुतेकांचं दुखणं एकच, मेडिसिनल केमिस्ट्री आणि फॉर्म्युलेशन. चार प्रश्न घेतलेत.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी तुमसरची, नागपूरला हॉस्टेलला राहून बी.फार्म. करते, पाचवं सेमिस्टर सुरू आहे. मेडकेमने जीव नकोसा केलाय. स्ट्रक्चर रात्री पाठ करते, सकाळी साफ. एसएआर (रचनेचा औषधाच्या कामाशी संबंध) म्हणजे नुसतं "इथे हा ग्रुप लावला की ॲक्टिव्हिटी वाढते, तिथे लावला की जाते", का ते कोणी सांगत नाही. सोबत इंडस्ट्रियल फार्मसी आहे, गोळ्या, कोटिंग वगैरे, ते जमतं. पण या दोन विषयांचा एकमेकांशी संबंध काय?

बेटा, आज मेसवरून आलीस की रूममेटच्या औषधांच्या डब्यातून ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलची स्ट्रिप काढ, कोणाकडे ना कोणाकडे सापडेलच, आणि समोर कागद घेऊन त्याचं स्ट्रक्चर काढ. पुस्तकात बघून काढलं तरी चालेल. एका बाजूला पिरिडीन, दुसऱ्या बाजूला बेन्झिमिडाझोल, आणि मधोमध एक सल्फर, त्याच्यावर एक ऑक्सिजन. सगळी गंमत त्या मधल्या सल्फरपाशी आहे. हे औषध जसंच्या तसं काही कामाचं नसतं, ॲसिड मिळालं की ते स्वतःची रचना बदलतं, त्याचं सल्फेनामाइड होतं आणि ते जठरातल्या प्रोटॉन पंपाच्या, म्हणजे ॲसिड बाहेर टाकणाऱ्या प्रोटीनच्या, सिस्टीन या अमायनो ॲसिडला डायसल्फाइड बाँडने जाऊन चिकटतं. पंप बंद. म्हणून तर रक्तातून औषध दोन-चार तासांत निघून गेलं तरी दिवसभर आराम वाटतो, कारण शरीराला नवीन पंप तयार करायला वेळ लागतो.

आता अडचण बघ. त्याला ॲसिड पाहिजे, पण ते पंपवाल्या पेशींपाशी, पोटातल्या पोकळीतलं नाही. पोटातच रचना बदलली तर औषध तिथंच वाया गेलं. म्हणजे पोटातून सहीसलामत पुढे जायचं, आतड्यात विरघळायचं, रक्तात शिरायचं आणि रक्तातून फिरून परत जठराच्या पेशींकडे यायचं. तिथे मात्र पिरिडीनचा नायट्रोजन कामी येतो, तो कमजोर बेस आहे, ॲसिडमध्ये आला की त्यावर चार्ज येतो आणि औषध तिथेच अडकून साठतं. हे केमिस्ट्रीने केलं. पण पोटातून सहीसलामत न्यायचं काम केमिस्ट्रीच्या हातात नाही, ते गोळी बनवणाऱ्याचं. त्याने एन्टेरिक कोट दिला. त्या कोटच्या पॉलिमरवर कार्बोक्झिलिक ॲसिडचे गट असतात, ते पोटात आयोनाइझ होत नाहीत, म्हणजे त्यांच्यावर चार्ज येत नाही, म्हणून कोट विरघळत नाही, आतड्यात पीएच साडेपाचच्या वर गेला की होतात आणि कोट सुटतो. पण हा पॉलिमर स्वतःच ॲसिडिक, थेट गोळीवर लावला तर ज्याला वाचवायचं त्यालाच खराब करणार, म्हणून मध्ये एक साधा सबकोट द्यायचा आणि आतल्या गाभ्यात सोडियम कार्बोनेटसारखं काहीतरी अल्कलाइन घालायचं. मग ही गोळी 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये 2 तास ठेवून बघायची, फुटायला नको. आणि म्हणूनच ती फोडून, कुटून, चावून घ्यायची नाही.

आता मला सांग, प्रोटॉन पंप इनहिबिटर्स तुला कुठे आहेत? मेडकेम दोनमध्ये, याच सेमिस्टरला. एन्टेरिक कोटिंग कुठे आहे? इंडस्ट्रियल फार्मसी एकमध्ये, याच सेमिस्टरला. एकच गोष्ट आहे, दोन वह्यांत अर्धी अर्धी लिहिलेली. मला विद्यार्थी असताना हे कोणी सांगितलं नाही, मी नोकरीला लागल्यावर शिकले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून प्रत्येक औषधाला एकच प्रश्न विचारायची सवय लाव, की याच्या स्ट्रक्चरमधला नाजूक भाग कोणता आणि तो कोणी कसा सांभाळला. ॲस्पिरिन घे. नाजूक भाग म्हणजे त्याचं एस्टर, ओल लागली की तुटतं, सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲसेटिक ॲसिड होतं, जुन्या बाटलीला व्हिनेगरसारखा वास येतो तो त्याचाच. प्रॅक्टिकलला बनवलेलं थोडं ॲस्पिरिन ओलं करून ठेवून दे आणि मग फेरिक क्लोराइड टाक, जांभळा रंग येईल, फिनॉल मोकळं झालं नं. आणि गोळी मशीनला चिकटू नये म्हणून सगळीकडे चालणारं मॅग्नेशियम स्टिअरेट ॲस्पिरिनमध्ये टाळतात, कारण त्यातला अल्कलाइन अंश हे तुटणं वाढवतो.

पुढच्या सेमिस्टरला पेनिसिलीन येईल. त्यात चार कोपऱ्यांची बीटा-लॅक्टम रिंग आहे, ताणलेली, कधी तुटते अशी. 'पेनिसिलीन-जी' पोटातल्या ॲसिडमध्येच तुटतं म्हणून इंजेक्शन द्यावं लागायचं. मग साइड चेनमध्ये इलेक्ट्रॉन ओढणारा गट बसवला, अमायनो, झालं ॲम्पिसिलीन, ॲसिडमध्ये टिकायला लागलं. त्याच्या बेन्झीन रिंगवर एक हायड्रॉक्सी बसवला, ॲमॉक्सिसिलीन, पोटातून जास्त चांगलं शोषलं जातं. एवढं केलं तरी पाणी काही त्या रिंगला सोडत नाही, म्हणून लेकरांचं औषध ड्राय सिरप, बाटलीत पावडर, घरी पाणी घालायचं आणि बहुतेक कंपन्यांच्या लेबलवर लिहिलेलं असतं तसं 7 दिवसांत संपवायचं. बॅक्टेरियाचं एन्झाइमसुद्धा तोच बाँड तोडतं जो पाणी तोडतं. एकदा हे दिसलं की एसएआरच्या ओळी पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप आठवतात. स्ट्रक्चर मात्र हातानेच काढ, रोज तीन, मोबाईलवर बघून होत नाही.

प्रश्न : मॅडम, आमच्या ग्रुपची पॅरासिटामॉलची गोळी दर वेळी डोक्यावरून टोपीसारखी उडते. मार्च-एप्रिलपासून तर जास्तच. सर म्हणतात प्रेशर वाढवा, वाढवलं तर अजून उडते. काय करू राहिलो आम्ही चुकीचं? – दोन मित्र, हिंगणा रोड

प्रेशर वाढवू नका. याला कॅपिंग म्हणतात आणि पॅरासिटामॉल त्यासाठी बदनामच आहे. त्याचे नेहमीचे क्रिस्टल दाबले की दबतात पण पंच (मशीनचा दाबणारा दांडा) वर उचलला की परत फुगायला बघतात, आपसात धरून बसत नाहीत, त्यामुळे प्रेशर वाढवलं की फुगणंही वाढतं. म्हणून तर नुसती पावडर दाबून याची गोळी होत नाही, वेट ग्रॅन्युलेशन करायचं, म्हणजे पावडर ओली करून दाणे पाडायचे, आणि स्टार्च पेस्ट नाहीतर पीव्हीपी असा कण धरून ठेवणारा दमदार बाइंडर द्यायचा.

मार्च-एप्रिलपासून जास्त, हे तुम्ही लिहिलं ते फार कामाचं आहे. नागपूरचं ऊन सुरू झालं की दुपारची हवा इतकी कोरडी होते की ट्रेमध्ये ठेवलेले ग्रॅन्युल्स पार कोरडे पडतात, आणि ग्रॅन्युल्समध्ये थोडी ओल राहिलीच पाहिजे, तीच कणांना एकमेकांशी धरून ठेवते. तुम्ही वेळ बघून वाळवत असाल, अर्धा तास म्हणजे अर्धा तास. वेळ बघू नका, ओल मोजा. लॉस ऑन ड्राइंग करा, म्हणजे वाळवल्यावर वजन किती घटतं ते बघा, दोन टक्क्यांच्या जवळपास ठेवून बघा. याच ग्रॅन्युल्सची जुलैत पाऊस लागला की उलटी तक्रार येते, पंचला चिकटतात, तेव्हा ओल जास्त झालेली असते. माझा स्वतःचा पहिला बॅच असाच मे महिन्यात गेला होता आणि मी तीन दिवस बाइंडर बदलत बसले, दोष ड्रायरचा होता.

बाकी बारीक चुरा किती आहे ते बघा, त्यात हवा अडकते आणि पंच उठला की तीच हवा वरची टोपी उडवते. चुरा चाळून काढा. मशीन हळू चालवा. पंच खूप खोलगट असेल तर सपाट लावून बघा. मॅग्नेशियम स्टिअरेट शेवटी आणि थोडाच वेळ मिसळा, जास्त वेळ घोळलं तर प्रत्येक कणावर त्याचा थर बसतो, मग गोळी जुळतही नाही आणि डिझोल्यूशनही (गोळीतलं औषध विरघळणं) मार खातं. पण भाऊ, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा, चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गोळी चांगली निघाली तर शिकलात काय?

प्रश्न : माझं इतवारीत मेडिकल आहे, मुलगा बी.फार्म.ला. तो म्हणतो अर्धा अभ्यास एक्सिपिएंटचा आहे. मला विचाराल तर औषध ते औषध, बाकी सगळा भरतीचा माल. पोरांना हे इतकं कशाला शिकवतात?

भाऊ, तुमच्या दुकानात रोज या मालाच्या बाटल्या विकल्या जातात म्हणून जरा सविस्तर लिहिते, राग मानू नका.

1937 साली अमेरिकेत सल्फानिलामाइडचं पातळ औषध काढलं होतं. सल्फानिलामाइड चांगलं औषध होतं, पण पाण्यात नीट विरघळत नव्हतं, म्हणून ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं, वरून रास्पबेरीचा स्वाद. विषारी आहे का हे कोणी तपासलंच नाही. शंभराच्या वर माणसं गेली, त्यात बरीच लेकरं. औषधाने नाही, भरतीच्या मालाने. 1938 मध्ये तिथे कायदाच बदलला. आपल्याकडे 1986 साली मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलमध्ये 14 पेशंट गेले, ग्लिसरीनमध्ये हेच डायएथिलीन ग्लायकॉल होतं, त्यावर लेंटिन आयोग बसला. आणि 2025 मध्ये छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या औषधानंतर किडनी बंद पडून आपल्या नागपूरच्या हॉस्पिटलांत आणली होती, ते तर तुम्ही स्वतः पेपरात वाचलं असेल. तिथेही सिरपमध्ये तेच सापडलं. शंभर वर्षं व्हायला आली आणि लेकरं अजूनही त्याच एका गोष्टीने जातात, मला हे लिहितानासुद्धा त्रास होतो.

दिसायला ते ग्लिसरीनसारखंच, घट्ट, गोड, आणि स्वस्त. जीभ आणि डोळा फसतो. म्हणून ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल यांचा प्रत्येक ड्रम वापरायच्या आधी तपासायचा असतो, मर्यादा 0.1 टक्का. तुमचा मुलगा कॉलेजात गॅस क्रोमॅटोग्राफी शिकेल ती याच कामाची आहे.

आणि विषारी नसलेला मालही गप्प बसत नाही. ऑस्ट्रेलियात 1968 च्या सुमारास फिटच्या फेनिटॉइन कॅप्सूलमधलं कॅल्शियम सल्फेट काढून लॅक्टोज घातलं, डोस तोच, आणि पेशंटना औषध जास्त झाल्याची लक्षणं यायला लागली, कारण लॅक्टोजमुळे ते जास्त शोषलं जाऊ लागलं. तोच लॅक्टोज अमाइन गट असलेल्या औषधाबरोबर ठेवला की हळूहळू पिवळा-तपकिरी पडतो. कुठल्या गटाबरोबर काय चालतं हे मेडकेम आल्याशिवाय कळत नाही, म्हणून पोराला शिकू द्या, आणि जमलं तर संध्याकाळी दुकानात बसवून लेबलवरची बारीक अक्षरं त्याच्याकडून वाचून घ्या.

प्रश्न : एम.फार्म.ला फार्मास्युटिक्स घेऊ की फार्मास्युटिकल केमिस्ट्री? घरचे म्हणतात नागपुरातच राहा. – शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, कामठी

जीपॅट ही एम.फार्म.ची प्रवेश परीक्षा दोन्हीसाठी एकच आहे, 125 प्रश्न, 500 मार्क, चुकीला एक मार्क वजा, त्यामुळे तयारी आत्ताच सुरू कर, ब्रँच नंतर ठरव. नागपुरातच राहायचं असेल तर बुटीबोरी, हिंगणा, मिहान या बाजूला गोळ्या-कॅप्सूल बनवायचं आणि तपासायचं काम आहे, म्हणजे फार्मास्युटिक्स किंवा ॲनालिसिस. नवीन रेणू बनवायचं काम पाहिजे असेल तर पुणे, हैदराबाद, बंगळुरूकडे जावं लागेल, हे घरच्यांना आत्ताच सांगून टाक, दोन वर्षांनी सांगशील तर जास्त भांडण होईल. आणि फक्त मार्क बघून ठरवू नको. दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या प्लांटमध्ये ओळख काढून आठ दिवस ग्रॅन्युलेशनच्या खोलीत उभा राहा, मग कॉलेजच्या सिंथेसिस लॅबमध्ये आठ दिवस कॉलम चालव. कुठे दुपारची जेवायची आठवण राहिली नाही ते मला कळव.