प्रेशर कॅनिंगसाठी बरणी कोणती? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

बरण्यांबद्दलचे प्रश्न थांबायला तयार नाहीत आणि बहुतेकांच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. लोणचं टिकवणं आणि उसळ, मटण किंवा मासे टिकवणं हे एकच काम समजलं जातं. लोणच्याची राखण मीठ आणि आंबटपणा करतो. मटणाला ती राखण नाही. पीएच 4.6 च्या वर असलेलं, म्हणजे पुरेसा आंबटपणा नसलेलं, ओलसर अन्न हवाबंद बरणीत कपाटात ठेवलं की क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या विष तयार करणाऱ्या जिवाणूला हवी तशी जागा मिळते. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात, म्हणजे 100 अंशांना, मरत नाहीत. म्हणून भरलेल्या बरण्या कॅनर नावाच्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये ठेवून दाबाखाली 116 अंशांपर्यंत जावं लागतं आणि तिथे पदार्थानुसार तास-दीड तास थांबावं लागतं. हेच प्रेशर कॅनिंग. बरणीला एवढं सगळं सोसायचं असतं. हे डोक्यात ठेवून पुढची उत्तरं वाचा.

प्रश्न : जॅम, मध, मेयोनीजच्या काचेच्या बाटल्या घरात साठल्या आहेत. स्वच्छ धुऊन त्याच वापरल्या तर?

डाळी-मसाले भरायला वापरा. प्रेशर कॅनिंगला नको. या बाटल्या कारखान्यात एकदा भरून विकण्यासाठी बनवलेल्या असतात. त्यांची काच पातळ असते, तोंडाचा काठ अरुंद असतो, आणि आपण चमच्याने खरवडून खरवडून आतून बारीक ओरखडे पाडलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण दाबाखाली तडा तिथूनच सुरू होतो. झाकणाच्या आतल्या रबरी थरावर पहिल्या वेळची खाच उमटलेली असते, ते दुसऱ्यांदा नीट बसेल याचा भरवसा नाही.

प्रश्न : आजीची चिनी मातीची बरणी आहे, जाड आहे. चालेल?

नाही.

प्रश्न : ऑनलाइन 'मेसन जार' म्हणून सहाचा सेट मागवला. काचेवर तसं नक्षीत लिहिलेलंही आहे. मग हरकत काय?

काचेवर काय लिहिलंय याला महत्त्व देऊ नका. जॉन मेसनने आट्याच्या तोंडाच्या बरणीचं पेटंट 1858 साली घेतलं. आज ते नाव कोणीही साच्यात घालतो. सरबताच्या, स्ट्रॉ घालायला भोक असलेल्या, कान असलेल्या बरण्याही त्याच नावाने विकल्या जातात. त्या शोभेच्या आहेत, आणि विकणारे हे कुठे लिहीत नाहीत याचा मला राग आहे.

बरणी हातात घेऊन तपासा. झाकण दोन भागांचं हवं : आतून रबरी थर असलेली सपाट चकती आणि तिला धरून ठेवणारी आट्याची रिंग. एकसंध झाकण आलं असेल तर दोन भागांचं वेगळं घेऊन बसवून पाहा. तोंडाची मापं दोनच, साधारण 70 मिलिमीटर आणि रुंद तोंडाचं 86. मग काठावरून नख फिरवा. कुठेही अडखळलं, टवका लागला, तर ती बरणी बाद. आरशावर पालथी ठेवा. डुगडुगली तर काठ सपाट नाही, तीही बाद. शेवटी बूड उजेडाकडे धरा. काचेत बुडबुडा किंवा रेघ दिसली तर परत करा. बॉल (Ball), कर (Kerr) यांसारख्या ब्रँडच्या अमेरिकी बनावटीच्या बरण्या आयात होऊन मिळतात, महाग पडतात. पण कॅनिंगच्या तपासलेल्या वेळा अशाच बरण्यांवर बेतलेल्या आहेत.

प्रश्न : क्रॉफर्ड मार्केटजवळच्या घाऊक दुकानात 70 मिलिमीटर झाकणाच्या नव्या बाटल्या स्वस्त मिळतात. दुकानदार म्हणतो, कारखानेवालेही हीच नेतात, कितीही गरम करा. घेऊ का?

हे वाक्य मला फार वेळा ऐकायला मिळतं आणि त्यातच सगळ्यात मोठा धोका आहे, म्हणून सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, 70 हा आकडा सारखा असला तरी बरणी सारखी नाही. त्या बाटलीच्या तोंडावर बोट फिरवा. तुकड्यातुकड्यांचे तिरके आटे लागतील, आणि झाकणाच्या आतल्या कडेला त्यात अडकणारी छोटी पाती दिसतील. हे पाव फेरा फिरवून बसणारं लग झाकण. कॅनिंगच्या बरणीचा आटा तोंडाभोवती सलग फिरतो. एकाचं झाकण दुसऱ्याला बसत नाही. जबरदस्तीने बसवलंत तर नुसतं बसल्यासारखं दिसतं.

दुसरी गोष्ट झाकणाच्या आतल्या थराची. हा थर एकाच प्रकारचा नसतो. थंड भरायच्या पदार्थासाठी वेगळा, गरम भरायच्या सॉस-जॅमसाठी वेगळा, पाश्चरायझेशनसाठी वेगळा आणि 121 अंशांच्या निर्जंतुकीकरणासाठी वेगळा. बाहेरून चारही झाकणं सोनेरी किंवा पांढरी, अगदी सारखी. सुट्टी झाकणं गोणीतून काढून देणाऱ्या दुकानदाराला त्यातलं कुठलं आपल्या हातात आहे हे बहुधा माहीत नसतं. उत्पादकाचं लेखी तपशीलपत्र मागा. मिळालं नाही तर ते झाकण लोणचं-जॅमपुरतं समजा.

तिसरी गोष्ट कोणी सांगतच नाही. कारखानेवाले हीच झाकणं वापरतात हे खरं, पण त्यांचं यंत्र तुमच्यापाशी नाही. काचेच्या बाटल्या तिथे रिटॉर्ट नावाच्या त्या यंत्रात शिजवताना बाहेरून जादा हवेचा दाब दिला जातो, म्हणजे बाटलीच्या आतला दाब झाकण उचलत नाही, आणि थंड करतानाही तो दाब हळूहळू उतरवतात. घरच्या कॅनरमध्ये ही सोय नाही. म्हणूनच घरच्यासाठी दोन भागांचं झाकण असतं : चकतीखालून आतली हवा बाहेर निसटते, आणि निवताना चकती खेचली जाऊन चिकटते. रिंग बोटांच्या टोकांनी लागेल एवढीच आवळायची. ताकद लावून आवळलीत तर हवा अडते, चकती वाकते, कधी बरणीच फुटते. सैल ठेवलीत तर रस्सा बाहेर येतो.

बाटली स्वस्त पडते, पण आतलं अन्न तुमच्या घरची माणसं खाणार आहेत. शंका असेल तर माटुंग्याच्या आयसीटीतल्या (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) अन्न तंत्रज्ञान विभागासारख्या ठिकाणी विचारा, दुकानात नको.

प्रश्न : बोरोसिलिकेट काचेचे डबे तर ओव्हनमध्ये चालतात. ते वापरू?

काच टिकेल, झाकण टिकणार नाही. सिलिकॉनच्या रिंगचं दाबून बसवायचं झाकण, बांबूचं झाकण, तारेच्या क्लिपचं झाकण, यातलं काहीही दाबाखालच्या कॅनिंगसाठी नाही.

प्रश्न : पाककृतीत पाइंट आणि क्वार्ट लिहिलेलं असतं. आपल्याकडे 500 मिली आणि एक लिटर मिळतं. फरक किरकोळच ना?

किरकोळ नाही. पाइंट म्हणजे 473 मिली, क्वार्ट म्हणजे 946. बरणीच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला किती वेळ लागतो यावर सगळं गणित आहे. मधल्या मापाला नेहमी वरच्या मापाची वेळ लावायची. म्हणजे 300 किंवा 400 मिलीच्या बरणीला पाइंटची, पण 500 मिलीला क्वार्टची. मटणाच्या तुकड्यांना किंवा भिजवलेल्या छोल्यांना पाइंटला 75 मिनिटं लागतात, क्वार्टला 90. तेव्हा 500 मिलीला 90 धरा. एक लिटर क्वार्टच्याही पुढे जातं, त्याला तपासलेली वेळच नाही. ती बरणी घेऊ नका. माशांना पाइंटपर्यंतच्याच बरण्या वापरा. त्यांना 100 मिनिटं लागतात.

या वेळा मुंबईत समुद्रसपाटीला, वजनाच्या कॅनरवर, म्हणजे वाफेच्या तोंडावर वजन ठेवून दाब राखणाऱ्या कॅनरवर, 10 पौंड दाबाला धरलेल्या आहेत. काट्याने दाब दाखवणाऱ्या गेजच्या कॅनरवर 11 पौंड. पुण्याला किंवा नाशिकला घर असेल तर उंची 305 मीटरच्या वर जाते आणि वजनाच्या कॅनरवर 15 पौंड लागतात. तिथे मुंबईचा आकडा नेऊ नका. पदार्थात मैदा, कॉर्नफ्लोअर, तांदूळ किंवा नारळाचं दूध असेल तर या वेळा लागू होत नाहीत. असा पदार्थ फ्रीझरमध्येच ठेवा.

प्रश्न : घरच्या पाच लिटरच्या कुकरमध्ये दोन बरण्या बसतात. किती शिट्ट्या करू?

एकही नको. शिट्टी म्हणजे वेळ नाही आणि शिट्टी म्हणजे स्थिर दाबही नाही. छोटा कुकर लवकर तापतो, लवकर निवतो. कॅनिंगच्या वेळांमध्ये हा तापण्या-निवण्याचा काळही धरलेला असतो. निदान चार क्वार्टच्या बरण्या उभ्या मावतील एवढा कॅनर हवा. वजन ठेवण्याआधी दहा मिनिटं जोराने वाफ सोडून आतली हवा काढायची. हवा राहिली तर दाब दिसतो, पण तापमान कमी भरतं. इलेक्ट्रिक मल्टीकुकर, ओव्हन, मायक्रोवेव्ह यांनाही हेच उत्तर.

प्रश्न : बरणीचं बूड गोल कापल्यासारखं सुटून आलं. माल खराब होता का?

असूही शकतो, पण बूड असं सुटतं तेव्हा बहुतेक वेळा कारण तापमानाचा धक्का असतं. साध्या काचेला एकदम पन्नासेक अंशांचा फरक सोसत नाही. गरम रस्सा थंड बरणीत ओतला, बरणी जाळीशिवाय थेट भांड्याच्या तळावर उभी केली, किंवा बाहेर काढून गार ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवली, की बुडाच्या कडेने तडा जातो. बरण्या धुऊन गरम पाण्यातच ठेवा, भरायच्या वेळी एकेक काढा. कॅनरमध्ये खाली जाळी हवीच. शिजल्यावर गॅस बंद करून दाब आपोआप उतरू द्या, कुकरसारखा नळाखाली धरू नका. वजन काढल्यावर आणखी दहा मिनिटं थांबा. बरण्या जाड टॉवेलवर, एकमेकींना न चिकटवता ठेवा आणि पंखा बंद करा. मुंबईच्या उकाड्यात हे जड जातं, तरी करा.

आणि बरणी काठोकाठ भरू नका. भाजी, मटण, कडधान्यांना वर अडीच सेंटिमीटर जागा सोडायची.

प्रश्न : दुसऱ्या दिवशी झाकण मध्ये दाबलं, टक् वाजलं नाही. म्हणजे अन्न सुरक्षित, बरोबर?

बरोबर नाही. चकती आत ओढली गेली याचा अर्थ बरणी हवाबंद झाली, एवढाच. बोट्युलिनमला हवा नसलेली जागाच हवी असते. नुसत्या उकळत्या पाण्यातून काढलेली उसळीची बरणीही तशीच घट्ट बसते, म्हणून ती जास्त फसवी. वेळ आणि दाब पूर्ण पाळले असतील तरच त्या घट्टपणाला अर्थ आहे.

बारा ते चोवीस तास बरण्यांना हात लावू नका, मग तपासा. बसली नसेल ती 24 तासांच्या आत नवी चकती लावून पूर्ण वेळ पुन्हा शिजवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवा. चकती एकदाच वापरायची. रिंग गंजेपर्यंत चालते.

प्रश्न : पावसाळ्यात रिंगा गंजतात. काय करावं?

बरणी बसल्याची खात्री झाली की रिंग काढा, काठ पुसून कोरडा करा आणि बरणी तशीच ठेवा. रिंगखाली ओल राहते, गंज चढतो, आणि चकती सुटली असली तरी रिंगमुळे ते लक्षात येत नाही. गॅसवरच्या माळ्यावर मात्र ठेवू नका. तिथे मे महिन्यात 35 अंशांच्या वर सहज जातं, आणि उष्णता आवडणारे काही जिवाणू तेवढ्यात जागे होऊन अन्न आंबवतात.

प्रश्न : एका बरणीचं झाकण फुगलंय. वास ठीक वाटतो. उकळून खाल्लं तर?

नाही. चाखूनही बघू नका. बोट्युलिनमच्या विषाला वास नसतो, चव नसते. बरणी अजून बंद असेल तर जाड पिशवीत घट्ट बांधून टाकून द्या. गळत किंवा उघडी असेल तर हातमोजे घालून, मोठ्या पातेल्यात बरणीसकट पाण्यात पूर्ण बुडवून, झाकण ठेवून 30 मिनिटं उकळा आणि मग टाका. ओटा, फडकी, हात स्वच्छ धुवा.

चुकून खाल्लं गेलं असेल आणि दोन-दोन दिसणं, पापण्या जड होणं, बोबडं बोलणं, गिळायला त्रास, अंगात अशक्तपणा यातलं काहीही जाणवलं तर घरगुती उपाय करत बसू नका. लक्षणं बहुधा 12 ते 36 तासांत दिसतात, कधी काही दिवसांनीही. थेट केईएम, नायर, सायन किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा आणि घरी बंद केलेलं अन्न खाल्लं होतं हे पहिल्याच वाक्यात सांगा. यावरचं प्रतिविष जितक्या लवकर मिळेल तितका उपयोग होतो.

प्रश्न : कोलंबीचं कालवण बरणीत भरून सोसायटीत विकायचं आहे. एफएसएसएआयची (सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी केली आहे. पुरेसं आहे ना?

नाही. नोंदणी तुमच्या व्यवसायाची झाली. त्या कालवणाला, त्या बरणीत, किती मिनिटं आणि किती दाब लागतो हे त्यातून ठरत नाही. ते अन्न तंत्रज्ञाकडून बरणीच्या मध्यातलं तापमान मोजून ठरवून घ्यावं लागतं, आणि बरणी किंवा झाकण बदललं तर पुन्हा. कालवणात नारळ असेल तर घरच्या कुठल्याही तक्त्यातली वेळ त्याला लागू नाही. ही तपासणी होईपर्यंत ते ताजं किंवा फ्रोझन विका.