व्हॉल्वसोबत ब्लॉकेजही निघाले, दोन एकर वावर विकावे का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ७२ वर्षांचे. हृदयाचा एऑर्टिक व्हॉल्व खूप अरुंद झालाय, चालताना दम लागतो. अँजिओग्राफीत डाव्या मोठ्या नसेत ८० टक्के आणि उजवीत ५० टक्के ब्लॉकेज निघाले. एका खासगी दवाखान्याने छाती न उघडता मांडीतून व्हॉल्व बसवणे (टावी) आणि स्टेंट मिळून १८ लाख सांगितले. घरी चार एकर कोरडवाहू वावर, २ लाखांची एफडी आणि पत्नीचे थोडे सोने आहे. दोन एकर एकरी ७ लाखांनी विकायला गिऱ्हाईक तयार आहे, इसार घ्यायचा का?

भाऊ, इसार आत्ता घेऊ नका. वावराचे १४ लाख आणि एफडी मिळून १६ होतात. उरलेले २ लाख सावकाराकडून शेकडा ३ ने घेतले तर महिन्याला ६,००० नुसते व्याज जाईल, आणि ते भरायला वावर निम्मेच उरलेले असेल. पण महिनोन्‌महिने थांबूनही चालणार नाही. या आजारात दम, चक्कर, छातीत दुखणे सुरू झाल्यावर व्हॉल्व बदलला नाही, तर दोन वर्षांत साधारण निम्मे रुग्ण दगावतात. म्हणून पुढचे पंधरा दिवस नीट वापरा.

पहिले काम, दुसऱ्या दवाखान्यातल्या हार्ट सर्जनचे मत. १८ लाखांत महाग वस्तू टावीचा व्हॉल्व आहे, स्टेंट नव्हे. औषधी स्टेंटची कमाल किंमत सरकारने २०१७ पासून बांधून दिली आहे आणि २०२५ मध्ये ती जीएसटी वगळून सुमारे ३९ हजार होती. ६५ ते ८० वयात टावी आणि उघडे ऑपरेशन हे दोन्ही पर्याय असतात. उघड्या ऑपरेशनमध्ये व्हॉल्व आणि बायपास एकाच वेळी होतात. सर्जनला विचारा: वडिलांची तब्येत उघडे ऑपरेशन सोसेल का? फुफ्फुस, किडनी, अशक्तपणा यामुळे तो नाही म्हणाला, तरच टावीचा खर्च समोर धरा.

उजव्या नसेच्या ५० टक्क्यांवर बहुधा काही करावे लागत नाही. शंका असेल तर एफएफआर नावाची दाबाची तपासणी होते, आकडा ०.८० च्या वर असेल तर ती नस सोडून देतात. डावीचे ८० टक्के मात्र दुर्लक्ष करण्यासारखे नाही. टावीच्या रुग्णांवरील २०२४ च्या एका अभ्यासात स्टेंट घातलेल्यांपैकी २६ टक्क्यांना, तर न घातलेल्यांपैकी ३६ टक्क्यांना दोन वर्षांत मृत्यू, झटका किंवा तातडीची अँजिओप्लास्टी यांपैकी काहीतरी ओढवले. रक्तस्राव मात्र स्टेंटवाल्यांत जास्त, २८ टक्के विरुद्ध २० टक्के. टावी झाल्यावर व्हॉल्वची जाळी नसांच्या तोंडाशी येते आणि नंतर स्टेंट घालणे अवघड होऊ शकते, म्हणून 'ते पुढे बघू' म्हणणाऱ्याला कारण विचारा.

दुसरे काम, योजना. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता रेशनकार्डाचा रंग न बघता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे. शिवाय सत्तरीपुढच्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. इथेच गाडी अडते: जुन्या माणसांच्या आधारवर जन्मतारीख अंदाजाने १ जानेवारी अशी टाकलेली असते. वर्ष चुकून वय ६९ दिसले तर कार्ड निघत नाही. आजच आधार काढून बघा.

मग नागपूरचे सुपर स्पेशालिटी किंवा एम्स, नाहीतर सेवाग्राम गाठा. तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतीसाठी दवाखान्यात बसणारा माणूस) विचारा की हृदय शस्त्रक्रियेसाठी हा दवाखाना योजनेत आहे का. नुसता 'योजनेत आहे' याला अर्थ नाही. पूर्वमंजुरीच्या अर्जात व्हॉल्व आणि बायपास दोन्ही लिहिलेले हवेत. आयुष्मानच्या नियमात एकाच वेळच्या दोन शस्त्रक्रियांत दुसरीचे पैसे दवाखान्याला निम्मेच मिळतात, त्यामुळे 'बायपासचे वेगळे भरा' अशी मागणी येऊ शकते. भरू नका, १५५३८८ वर तक्रार करा. 'आधी भरा, योजनेतून परत मिळतील' हेही ऐकू नका. योजना कॅशलेस आहे. टावी बसते का, हेही तिथेच लेखी विचारा.

मंजुरी मिळाली तरी रोख लागतेच: ऑपरेशनआधी दात दाखवणे (किडक्या दातातला जंतू नव्या व्हॉल्ववर बसतो), सोबतच्या दोघांचे राहणे-जेवण, येणे-जाणे, नंतरच्या फेऱ्या. मी ६० हजार धरतो. एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. ८ टक्क्यांनी सहा महिन्यांचे व्याज २,४०० होते. पीक कर्जाला हात लावू नका. ते वेळेत भरले तर पंजाबराव देशमुख सवलतीत ३ लाखांपर्यंत व्याज लागत नाही.

सर्जनने टावीच सांगितली आणि योजनेत बसली नाही, तर आधी दुसऱ्या दवाखान्याचा दर घ्या, मग सोनेतारण बँकेतच. वावर शेवटी, तेही एकच एकर, आणि त्याआधी सातबारावर बँकेचा बोजा किंवा वर्ग २ चा शेरा आहे का ते तलाठ्याकडून बघून घ्या. वर्ग २ निघाले तर परवानगीशिवाय खरेदीखत होत नाही, आणि घेतलेला इसार परत करायची पाळी नेमकी ऑपरेशनच्या आठवड्यात येते.